आजारानंतरचे बालपोषण

आजारानंतरचे बालपोषण म्हणजे ताप, अतिसार, न्यूमोनिया, गोवर यांसारख्या आजारातून उठलेल्या बालकाची भूक पूर्ववत होईपर्यंत आणि आजारात घटलेले वजन भरून निघेपर्यंत त्याला दिला जाणारा आहार व घेतली जाणारी काळजी होय. ताप उतरला किंवा जुलाब थांबले की आजार संपला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. औषधोपचाराने रोगाचे कारण दूर होते. परंतु आजाराच्या दिवसांत झालेली शरीराची झीज केवळ अन्नानेच भरून येते. ही झीज भरून येण्यापूर्वीच बालकाला दुसरा आजार झाला, तर तुटीत तूट पडत जाऊन कुपोषण, खुंटलेली वाढ आणि प्रसंगी मृत्यू ओढवतो. पाच वर्षांखालील, विशेषतः सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या बालकांमध्ये हा धोका सर्वाधिक असतो. म्हणून अतिसार थांबल्यानंतर किमान दोन आठवडे बालकाला नेहमीपेक्षा दररोज एक जेवण अधिक द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. इतर आजारांनंतरही हेच तत्त्व पाळले जाते.

भूक मंदावण्याची कारणे

संसर्ग झाल्यावर शरीरातील रोगप्रतिकारक पेशी इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर यांसारखी संदेशवाहक प्रथिने (सायटोकाइन) रक्तात सोडतात. ही द्रव्ये मेंदूतील अधश्चेतक (हायपोथॅलॅमस) या भागावर परिणाम करतात. त्यामुळे ताप येतो, सुस्ती वाटते आणि अन्नावरची वासना उडते. आजारी मुलाने ताट दूर सारणे हा हट्ट नसून आजाराचाच एक भाग असतो. मूळ आजार आटोक्यात येतो तसतशी या द्रव्यांची पातळी खाली येते व भूक आपोआप जागी होऊ लागते.

याशिवाय पुढील कारणांनीही बालकाचे खाणे कमी होते :

• तोंड येणे, घसा दुखणे किंवा गोवर व कांजिण्यांमध्ये तोंडात फोड येणे.
• नाक चोंदणे. बंद नाकाने श्वास घेणाऱ्या तान्ह्या बालकाला स्तनपान करताना दम लागतो. शिवाय वास न आल्याने अन्नाची चवही कळत नाही.
• मळमळ, उलटी आणि पोट फुगणे.
• जस्ताची (झिंक) कमतरता. जुलाबावाटे जस्त शरीराबाहेर जाते आणि त्याच्या अभावाने चव व भूक दोन्ही मंदावतात.
• काही औषधांमुळे तोंडाला येणारी कडू चव किंवा मळमळ.
• आजारपणातील चिडचिड, झोपमोड आणि रुग्णालयातील भीती.

भूक मंदावलेली असतानाच शरीराची गरज मात्र वाढलेली असते. शरीराचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढले की विश्रांतीच्या स्थितीतील ऊर्जेचा खर्च सुमारे १० ते १३ टक्क्यांनी वाढतो. प्रतिपिंडे आणि नव्या पेशी तयार करण्यासाठी लागणारी प्रथिने शरीर स्वतःच्या स्नायूंमधून काढून घेते. जुलाबात आतड्याच्या अस्तराची हानी होऊन खाल्लेल्या अन्नाचे शोषणही कमी होते. आवक घटते आणि खर्च वाढतो, अशा या काळात वजन वेगाने उतरते.

भरपाईची वाढ

आजार किंवा उपासमार संपल्यानंतर पुरेसे अन्न मिळाले, तर बालक त्याच्या वयाच्या नेहमीच्या गतीपेक्षा अधिक वेगाने वाढते आणि आपल्या मूळ वाढीच्या रेषेवर परत येते. यास भरपाईची वाढ असे म्हणतात. आंद्रेआ प्राडर, जेम्स टॅनर व फोन हार्नाक यांनी १९६३ साली या घटनेचे पद्धतशीर वर्णन केले. वजनाची भरपाई आधी व लवकर होते. उंचीची भरपाई उशिरा होते आणि तिला अधिक काळ चांगला आहार लागतो.

एक ग्रॅम वजन वाढण्यासाठी शरीराला रोजच्या गरजेव्यतिरिक्त साधारण ५ किलोकॅलरी ऊर्जा लागते. दीड वर्षाच्या एखाद्या बालकाचे वजन आजारात अर्ध्या किलोने घटले असे मानल्यास ते भरून काढण्यास सुमारे २,५०० किलोकॅलरी लागतील. चौदा दिवसांत विभागल्यास ही ऊर्जा दररोज १८० किलोकॅलरीच्या आसपास येते. तूप घातलेल्या मऊ मूगडाळ-खिचडीच्या एका वाटीतून साधारण एवढीच ऊर्जा मिळते. दोन आठवडे रोज एक जादा जेवण या शिफारशीचा अर्थ या हिशेबातून स्पष्ट होतो. आजारात घटलेल्या वजनापैकी काही भाग केवळ पाण्याचा असतो व तो पाणी पिण्याने एक-दोन दिवसांतच परत येतो. उरलेला भाग अन्नानेच भरावा लागतो.

ही संधी कायम राहत नाही. लहान बालकांना वर्षातून अनेकदा सर्दी-खोकला, ताप किंवा जुलाब होतात. दोन आजारांमधील बरे असण्याचे दिवस हाच भरपाईचा काळ असतो. तो वाया गेल्यास बालक दर आजारानंतर आपल्या रेषेपासून थोडे थोडे खाली घसरते. वृद्धिपत्रकावर ही घसरण पायऱ्यांसारखी दिसते.

अभ्यासाचा इतिहास

तापात अन्न तोडावे ही समजूत युरोपातही दीर्घकाळ प्रचलित होती. डब्लिन येथील वैद्य रॉबर्ट ग्रेव्ह्ज (१७९६–१८५३) यांनी ज्वराच्या रुग्णांना उपाशी ठेवण्याच्या पद्धतीस विरोध केला आणि त्यांना अन्न देण्याचा आग्रह धरला. आपल्या थडग्यावर याच गोष्टीचा उल्लेख व्हावा, अशी इच्छा त्यांनी शिष्यांजवळ बोलून दाखविल्याचे सांगितले जाते.

सिसिली विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात गोल्ड कोस्ट (आजचा घाना) येथे काम करताना क्वाशिऑरकोर या कुपोषणजन्य विकाराचे वर्णन केले. पाठचे भावंड जन्मल्यावर अंगावरचे दूध तुटलेल्या मुलाला होणारा आजार, असा त्या स्थानिक शब्दाचा आशय आहे. नेव्हिन स्क्रिमशॉ, कार्ल टेलर आणि जॉन गॉर्डन यांचा पोषण व संसर्ग यांच्या परस्परसंबंधावरील ग्रंथ जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली प्रसिद्ध केला. संसर्गामुळे कुपोषण होते आणि कुपोषणामुळे संसर्ग अधिक तीव्र होतो, हे दुष्टचक्र त्यातून सर्वमान्य झाले. टेलर यांनी पंजाबमधील नारंगवाल येथे याच विषयावर दीर्घकाळ संशोधन केले. लिओनार्दो माता यांनी ग्वातेमालातील सांता मारिया काउके या गावातील मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला. १९७८ साली प्रकाशित झालेल्या त्यांच्या ग्रंथात, प्रत्येक संसर्गाबरोबर मुलाचे वजन कसे थबकते किंवा घसरते, हे आलेखांद्वारे दाखविले आहे.

जमैकामध्ये जॉन वॉटरलो यांच्या नेतृत्वाखालील संशोधन केंद्रात तीव्र कुपोषित बालकांच्या उपचाराचे शास्त्र विकसित झाले. अ‍ॅन अ‍ॅशवर्थ यांनी तेथे केलेल्या व १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक महत्त्वाची गोष्ट आढळली. बरी होत असलेली बालके भरपूर अन्न खाऊन अतिशय वेगाने वाढतात आणि उंचीच्या प्रमाणात वजन भरून आले की त्यांचे खाणे आपोआप कमी होते. बरे होणाऱ्या बालकाची भूक ही त्याच्या गरजेचे बऱ्यापैकी विश्वसनीय माप असते, असे यातून दिसून आले.

आजार चालू असतानाचा आहार

आजारानंतरच्या पोषणाची तयारी आजारातच सुरू होते. या काळात पुढील तत्त्वे पाळली जातात :

• स्तनपान थांबवू नये. उलट ते अधिक वेळा करावे. अन्नाला तोंड न लावणारे बालकही बहुधा अंगावर पिते. बालक ओढू शकत नसल्यास दूध काढून वाटी-चमच्याने पाजावे.
• सहा महिन्यांखालील बालकाला आजारातही आईच्या दुधाखेरीज वरचे अन्न देऊ नये. अतिसार झाल्यास जलसंजीवनी (ओआरएस) व डॉक्टरांनी सांगितलेली औषधे हा याला अपवाद होय.
• सहा महिन्यांवरील बालकाला द्रवपदार्थ वाढवून द्यावेत. मात्र द्रवपदार्थांमुळे अन्नाची जागा जाऊ देऊ नये.
• एका वेळी चार-सहा चमचे का होईना, पण दर दोन-तीन तासांनी मऊ व बालकाच्या आवडीचे अन्न पुढे करावे.
• उलटी झाल्यास सुमारे दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू सुरुवात करावी.
• नाक चोंदले असल्यास भरविण्यापूर्वी मिठाच्या पाण्याचे (सलाइन) थेंब नाकात घालून नाक मोकळे करावे.
• अर्धवट शुद्धीत असलेल्या किंवा झोपेत असलेल्या बालकाच्या तोंडात अन्न वा पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

बरे होतानाचा आहार

किती वेळा

आजारी नसलेल्या स्तनपायी बालकाला सहा ते आठ महिने या वयात दिवसातून दोन ते तीन वेळा आणि नऊ महिने ते दोन वर्षे या वयात तीन ते चार वेळा वरचे अन्न द्यावे, शिवाय गरजेनुसार एक-दोनदा खाऊ द्यावा, असे मार्गदर्शन २००३ साली जागतिक स्तरावर निश्चित झाले. आजारातून उठलेल्या बालकाच्या बाबतीत यात एका जेवणाची भर घालावी. भूक परतल्यावर बालक अधिक मागते. अशा वेळी पोट बिघडेल या भीतीने हात आखडता घेऊ नये. दोन आठवड्यांनंतरही वजन पूर्वपदावर आले नसेल, तर ते येईपर्यंत जादा जेवण चालू ठेवावे.

अन्नाचा घट्टपणा

लहान बालकाचे जठर एका वेळी शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण ३० ग्रॅम अन्न सामावू शकते. आठ किलो वजनाच्या बालकासाठी ही मर्यादा २४० ग्रॅम, म्हणजे दीड वाटीच्या आसपास येते. त्यामुळे या वाटी-दीड वाटीत काय आहे, यालाच महत्त्व येते. पातळ पेजेच्या वाटीत बहुतांश पाणी असते व तिच्यातून जेमतेम ३५ ते ४० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. तेवढ्याच वाटीभर घट्ट वरणभात किंवा खिचडीतून तिच्या चारपट ऊर्जा मिळू शकते. चमच्यावरून सहज न ओघळणारे अन्न योग्य घट्टपणाचे समजतात.

अन्नाचे आकारमान न वाढवता त्यातील ऊर्जा वाढविण्याचे काही सोपे मार्ग आहेत. एक लहान चमचा (५ मिलिलिटर) तूप किंवा तेल सुमारे ४० किलोकॅलरी ऊर्जा देते. शेंगदाण्याचे बारीक कूट, दूध, दुधाची साय, किसलेला गूळ आणि कुस्करलेले केळे यांचाही असाच उपयोग होतो.

मोड आणून वाळवलेल्या धान्याचे पीठ हा आणखी एक उपाय आहे. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज हे विकर तयार होते. असे पीठ चिमूट-दोन चिमूट घट्ट, कोमट लापशीत कालवल्यास पिष्टमय पदार्थांचे विघटन होऊन ती पातळ होते आणि गिळण्यास सोपी जाते. तिच्यातील ऊर्जा मात्र तेवढीच राहते. कालवल्यानंतर लापशीला पुन्हा एक उकळी द्यावी. बडोदा येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीचा विशेष अभ्यास केला. घरी मोड आणून दळलेली नाचणी वापरण्याची महाराष्ट्रातील पद्धत याच तत्त्वाशी जुळणारी आहे.

उपयुक्त पदार्थ

बरे होणाऱ्या बालकाच्या आहारात धान्य, डाळ, स्निग्ध पदार्थ, दूध किंवा अंडे-मासे आणि फळे-भाज्या यांचा मेळ असावा. महाराष्ट्रातील स्वयंपाकघरात सहज उपलब्ध असणारे काही पदार्थ पुढीलप्रमाणे आहेत :

• मूगडाळीची मऊ खिचडी, गुरगुट्या भात, वरणभात, मेतकूट-तूप-भात.
• नाचणीची दुधातील घट्ट लापशी. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते.
• दूध किंवा वरणात कुस्करलेली पोळी अथवा भाकरी.
• उकडलेले अंडे. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम उच्च प्रतीची प्रथिने मिळतात.
• काटे काढलेले मऊ मासे व बारीक केलेले मांस. किनारपट्टीच्या भागात हे पदार्थ पूर्वापार दिले जातात.
• दही व ताजे ताक. जुलाबानंतर दुधापेक्षा दही पचण्यास सोपे जाते.
• केळे, पपई, चिकू, आंबा. शिजवून कुस्करलेला लाल भोपळा, गाजर, रताळे व पालेभाज्या.
• खजूर, राजगिऱ्याची खीर, रव्याचा शिरा.

साबुदाणा व अरारूट हे जवळजवळ केवळ पिष्टमय पदार्थ आहेत. ते पोटाला हलके असले तरी त्यांत प्रथिने नगण्य असतात. म्हणून दूध किंवा शेंगदाण्याच्या कुटाशिवाय त्यांवर भिस्त ठेवू नये. चहा, बिस्किटे, बाटलीबंद सरबते आणि तळलेले पुडीबंद पदार्थ भूक मारतात. चहामुळे लोहाचे शोषणही कमी होते. एक वर्षाखालील बालकाला मध देऊ नये, कारण त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. अख्खे शेंगदाणे, फुटाणे व द्राक्षे घशात अडकण्याचा धोका असल्याने पाच वर्षांखालील बालकांना ती तशीच देऊ नयेत.

भरविण्याची पद्धत

काय भरवावे याइतकेच कसे भरवावे हेही महत्त्वाचे आहे. बालकाच्या भुकेच्या व तृप्तीच्या खुणा ओळखून, त्याच्याशी बोलत, घाई न करता भरविण्याच्या पद्धतीस प्रतिसादी भरवणे म्हणतात. नाक दाबून, धाक दाखवून किंवा घास कोंबून भरविल्यास बालकाच्या मनात अन्नाविषयी धास्ती बसते आणि भूक परतल्यावरही ते खाण्यास नकार देते. मोबाइल किंवा दूरचित्रवाणी दाखवून भरविल्यास चार घास अधिक जातात. परंतु आपले पोट कधी भरले, हे ओळखण्याची सवय बालकाला लागत नाही.

बालकाला स्वतंत्र ताटलीत वाढावे, म्हणजे त्याने प्रत्यक्षात किती खाल्ले हे कळते. कुटुंबासोबत एका पंगतीत बसलेले मूल इतरांचे पाहून अधिक खाते. बालकाने तोंड फिरविल्यास थोडा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करावा किंवा पदार्थ बदलून पाहावा. भरविण्यापूर्वी साबणाने हात धुणे, ताजे शिजविलेले अन्न देणे आणि दूध पाजण्याची बाटली टाळणे या गोष्टींनी पुन्हा जुलाब होण्याचा संभव कमी होतो.

खेळ, झोप आणि माया यांचाही बरे होण्यात वाटा असतो. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी जमैकात केलेल्या अभ्यासांत, आहाराबरोबरच नियमित खेळ व संवाद मिळालेल्या कुपोषित बालकांचा बौद्धिक विकास अधिक चांगला झाल्याचे आढळले. अंगात त्राण येताच मूल आपणहून खेळू लागते. त्यास अंथरुणात डांबून ठेवण्याची गरज नसते.

विशिष्ट आजार

अतिसार

अतिसारात शरीरातील पाणी व क्षार कमी होणे हा तातडीचा धोका असतो. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांवर मीठ-साखरेच्या द्रावणाचा मोठ्या प्रमाणावर यशस्वी वापर केला. त्यानंतर जलसंजीवनी जगभर स्वीकारली गेली. तिने पाण्याची तूट भरते, परंतु अन्नाची भरत नाही. म्हणून पाण्याची तूट भरून येताच अन्न सुरू करणे हा उपचाराचाच भाग मानला जातो. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या २००४ सालच्या संयुक्त निवेदनानुसार जुलाब झालेल्या बालकाला १० ते १४ दिवस जस्त द्यावे. त्याची मात्रा सहा महिन्यांवरील बालकांसाठी दररोज २० मिलिग्रॅम व त्याखालील बालकांसाठी १० मिलिग्रॅम आहे. जुलाब थांबल्यावरही हा क्रम पूर्ण करावा लागतो. साध्या अतिसारात दूध बंद करण्याची किंवा त्यात पाणी घालण्याची गरज नसते. चौदा दिवसांहून अधिक चाललेल्या अतिसारात मात्र दुधातील शर्करा पचणे कठीण जात असल्याने दुधाचे प्रमाण वैद्यकीय सल्ल्याने कमी करतात.

गोवर

गोवरात तोंड, आतडे व श्वसनमार्ग यांच्या अस्तरांना एकाच वेळी इजा होते आणि त्यानंतर अनेक आठवडे रोगप्रतिकारशक्ती दुबळी राहते. त्यामुळे गोवर ओसरल्यानंतरच न्यूमोनिया, जुलाब व कुपोषण डोके वर काढतात. गोवर झालेल्या बालकांना जीवनसत्त्व ‘अ’च्या दोन मात्रा लागोपाठच्या दोन दिवशी देण्याची शिफारस आहे, ही मात्रा वयानुसार आरोग्य कर्मचारी देतात. ‘देवी आली’ म्हणून बालकाला औषध व पौष्टिक अन्न न देण्याची प्रथा घातक आहे.

कावीळ व विषमज्वर

काविळीत तेल-तूप संपूर्ण वर्ज्य करण्याची पद्धत रूढ आहे. विषाणूजन्य काविळीच्या साध्या स्वरूपात अशा कडक पथ्याची आवश्यकता नसते. बालकाला मानवेल ते घरचे अन्न देता येते. विषमज्वरातही (टायफॉइड) पूर्वी रुग्णास जवळजवळ उपाशी ठेवीत. विसाव्या शतकाच्या आरंभी पुरेशा ऊर्जेच्या आहाराचे फायदे दिसून आल्यावर ही पद्धत मागे पडली.

टॉनिके व पूरक औषधे

भूक वाढविणारी टॉनिके बाजारात मोठ्या प्रमाणावर मिळतात. आजार बरा झाल्यावर भूक बहुधा आपोआप परतत असल्याने निरोगी बालकाला त्यांची गरज पडत नाही. सायप्रोहेप्टाडीन हे मुळात अ‍ॅलर्जीवरील औषध आहे. त्याने भूक वाढते, परंतु गुंगीही येते. ते डॉक्टरांच्या सल्ल्याविना देऊ नये.

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांना भारतात आरोग्य विभागामार्फत आठवड्यातून दोनदा लोहाचे द्रावण दिले जाते. तीव्र आजारात ते तात्पुरते थांबवून बरे वाटल्यावर पुन्हा सुरू करतात. एक वर्षावरील बालकांसाठी जंतनाशक गोळी ठरावीक काळाने दिली जाते, कारण जंतांमुळेही भूक व पोषण यांवर परिणाम होतो.

तीव्र कुपोषण असल्यास

आजारापूर्वीच अशक्त असलेले बालक आजारानंतर तीव्र कुपोषणात जाऊ शकते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असणे, उंचीच्या मानाने वजन अत्यंत कमी असणे किंवा दोन्ही पावलांवर सूज असणे ही त्याची लक्षणे होत. अशा बालकाला एकदम भरपूर अन्न देणे धोक्याचे असते. कारण उपासमारीशी जुळवून घेतलेल्या शरीरातील क्षारांचे संतुलन बिघडून हृदय बंद पडू शकते. म्हणून रुग्णालयात आरंभी दर १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी असलेले विशेष दूध थोडे थोडे, दर दोन-तीन तासांनी देतात. बालकाची भूक परतणे ही पुढच्या टप्प्यात नेण्याची खूण मानली जाते. त्यानंतर १०० किलोकॅलरीचे दूध किंवा तत्सम आहार वाढत्या प्रमाणात दिला जातो. या टप्प्यात दररोज दर किलोमागे १० ग्रॅमहून अधिक वजनवाढ चांगली समजतात.

परंपरा व समजुती

आयुर्वेदात शोधनचिकित्सेनंतर पेया, विलेपी, यूष व मांसरस अशा क्रमाने आहार वाढवीत नेण्याची पद्धत सांगितली आहे. तिला संसर्जनक्रम म्हणतात. पातळाकडून घट्टाकडे व हलक्याकडून पौष्टिकाकडे जाण्याची ही कल्पना घरगुती व्यवहारातही उतरली. पेज, मऊ भात, मग वरणभात व शेवटी नेहमीचे जेवण, असा क्रम अनेक घरांत पाळला जातो. व्यवहारात मात्र अनेकदा पहिलीच पायरी लांबते व मूल आठवडा-आठवडा पेजेवर राहते. आजी-आजोबांनी सांगितलेले पथ्य पूर्णपणे नाकारण्याऐवजी त्यातील पायऱ्या लवकर चढणे, पेजेत डाळ व तूप घालणे आणि दिवसातील खाण्याच्या वेळा वाढविणे, हे बदल कुटुंबांना सहज स्वीकारता येतात.

महाराष्ट्रातील स्थिती

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी होती, तर २५.६ टक्के बालकांचे वजन उंचीच्या मानाने कमी होते. मेळघाट, जव्हार, मोखाडा यांसारख्या आदिवासी भागांतील बालमृत्यूंकडे १९९० च्या दशकात राज्याचे लक्ष वेधले गेले. अशा भागांत पावसाळ्यात जुलाब, हिवताप व न्यूमोनिया वाढतात. त्याच सुमारास घरातील धान्य संपत आलेले असते आणि आईवडील दिवसभर शेतीच्या कामावर असतात. आजारातून उठलेल्या मुलाला दिवसातून पाच वेळा भरवायचे तर अन्न आणि भरविणारे माणूस, दोन्ही लागतात. त्यामुळे हा प्रश्न केवळ मातांना माहिती देऊन सुटत नाही.

२००५ साली स्थापन झालेल्या राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण अभियानाने या विषयास चालना दिली. गावपातळीवर अंगणवाडीतील ग्राम बाल विकास केंद्र, ग्रामीण रुग्णालयातील बाल उपचार केंद्र आणि मोठ्या रुग्णालयातील पोषण पुनर्वसन केंद्र अशी उपचारांची रचना आहे. ग्राम बाल विकास केंद्रात कुपोषित बालकांना दिवसातून अनेक वेळा आहार व औषधे दिली जातात. अंगणवाडीत दरमहा होणारी वजनाची नोंद ही आजारानंतरची घसरण ओळखण्याची सर्वांत सोपी सोय आहे.

वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा

पुढीलपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास बालकाला तातडीने आरोग्य केंद्रात न्यावे :

• काहीही पिता न येणे, स्तनपान न करणे किंवा सर्व काही उलटून पडणे.
• झटके येणे, बेशुद्धी किंवा अतिशय मरगळ.
• श्वास जलद चालणे (दोन महिने ते एक वर्ष वयात मिनिटाला ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे वयात ४० किंवा अधिक) अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे.
• शौचातून रक्त पडणे, डोळे खोल जाणे, लघवी फार कमी होणे.
• दोन्ही पावलांवर सूज येणे.

आजार बरा होऊन दोन आठवडे लोटले तरी भूक न परतल्यास, वजन न वाढल्यास किंवा ताप-खोकला रेंगाळत राहिल्यास क्षयरोग, मूत्रमार्गाचा संसर्ग, रक्तक्षय अशी कारणे तपासावी लागतात. अशा बालकाला टॉनिक देऊन वाट पाहण्यात मोलाचा वेळ जातो.

हेही पाहा

• कुपोषण
• जलसंजीवनी
• स्तनपान
• अतिसार
• गोवर
• नाचणी
• अंगणवाडी